सेंटओएस ७ वरचा घरचा सर्व्हर ‘मिररलिस्ट सापडत नाही’ म्हणतो: तात्पुरती दुरुस्ती आणि पुढची सिस्टिम

लक्षण ओळखीचं आहे. राउटरशेजारी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारा सर्व्हर, त्यावर सेंटओएस ७ ही लिनक्स सिस्टिम, आत घरातले फोटो, बारशापासूनचे व्हिडिओ, कुणाच्या दुकानाची हिशेबाची डेटाबेस. पॅकेजेस आणून बसवणारं यम हे साधन अपडेटसाठी चालवलं की उत्तर येतं: मिररलिस्ट डॉट सेंटओएस डॉट ऑर्ग हा (डाउनलोडचे पत्ते देणारा) होस्ट सापडत नाही, ‘बेस’ रिपोसाठी, म्हणजे पॅकेजेसच्या मूळ साठ्यासाठी, एकही चालू पत्ता नाही. मग राउटर बंद-चालू होतो, डीएनएस बदलला जातो, नेटवाल्याला फोन जातो. यातलं काहीही करू नका. तुमचं नेट ठीक आहे. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला आणि त्यानंतर तो पत्ताच काढून टाकला गेला.

आज एखादं पॅकेज तातडीनं हवंच असेल, तर जुनी पॅकेजेस ‘व्हॉल्ट’ नावाच्या संग्रहात जशीच्या तशी ठेवलेली आहेत. यमच्या रिपो फाइलींमध्ये मिररलिस्टची ओळ बंद करा, बेसयूआरएलची ओळ उघडा आणि तिच्यात मिररच्या जागी व्हॉल्टचा पत्ता घाला. यमचा कॅशे साफ केला की एरर जाते.

ही दुरुस्ती जिथं तिथं सांगितली जाते आणि बहुतेक लोक तिथंच थांबतात. माझी कळकळ इथं आहे. व्हॉल्टमध्ये नवीन काहीच येत नाही. एरर गेली म्हणजे अपडेट सुरू झाले असं वाटतं, पण ‘अपडेटसाठी काही नाही’ हे उत्तर तुम्हाला कायमचं मिळत राहणार. दुरून लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएचमध्ये उद्या सुरक्षेचं भोक सापडलं तरी तुमच्या मशीनपर्यंत दुरुस्ती पोचणार नाही आणि कुणी तुम्हाला सांगणारही नाही. व्हॉल्टचा उपयोग एवढाच की निघायच्या आधी बॅकअपसाठी लागणारी साधनं त्यातून बसवून घ्यावीत.

दुसरीकडून येणाऱ्या तक्रारीही याच घरच्या आहेत. जावास्क्रिप्ट चालवणारं नोड १८ बसवलं तर ‘जीलिबसी २.२८ सापडत नाही’ येतं, कारण सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी या मूळ लायब्ररीची २.१७ आवृत्ती आहे. ती लायब्ररी हातानं बदलायचा प्रयत्न अजिबात करू नका. सिस्टिममधलं जवळपास सगळं तिच्यावर उभं असतं, आणि ती बिघडली की साधी ‘एलएस’ कमांडसुद्धा चालत नाही.

इतक्या घरांत सेंटओएस ७ च का राहिलं, यालाही कारण आहे. रेड हॅटच्या सशुल्क सिस्टिमची मोफत आणि तंतोतंत प्रत, अशी सेंटओएसची ओळख २००४ पासून होती. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की सेंटओएस ८ चा आधार २०२९ ऐवजी ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार आणि पुढे फक्त ‘सेंटओएस स्ट्रीम’, म्हणजे रेड हॅटच्या येणाऱ्या आवृत्तीची आधीची घडण, राहणार. सातवरून आठवर गेलेल्यांना वर्षभरात पुन्हा हलावं लागलं. सातवर राहिलेल्यांना तेव्हा साडेतीन वर्षं मिळाली, आणि ती आता संपली आहेत.

आधी प्रोसेसर बघा

‘सगळ्यात चांगली सिस्टिम कोणती’ या प्रश्नापासून सुरुवात केली की वाद तेवढे होतात, निर्णय होत नाही. घरच्या सर्व्हरचा निर्णय दोन गोष्टी करतात: मशीन कोणत्या काळातलं आहे आणि डेटा कोणत्या पद्धतीनं ठेवलेला आहे. नावं त्यानंतर.

रेड हॅटच्या घराण्यातल्या नवव्या आवृत्तीला ‘व्ही२’ पातळीचा (म्हणजे ठरावीक सूचना समजणारा) प्रोसेसर लागतो आणि दहाव्या आवृत्तीला ‘व्ही३’. सेंटओएस ७ चालू असतानाच प्रॉक फोल्डरमधली सीपीयूइन्फो ही फाइल उघडा आणि ‘फ्लॅग्ज’ ओळ वाचा. त्यात एसएसई४_२ नसेल तर नऊ चालणार नाही. एव्हीएक्स२ नसेल तर दहा चालणार नाही. कोअर २ ड्युओ पहिल्याच गाळणीत अडकतो. एचपीचे जुने मायक्रोसर्व्हर, म्हणजे एन४०एल आणि एन५४एल, तेही तिथंच थांबतात. सेकंडहँड बाजारात हे पुष्कळ फिरतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

दुसरी गाळणी जास्त फसवी आहे. सेलेरॉन जे४१२५ किंवा एन५१०५ असलेले छोटे डबे अगदी अलीकडचे वाटतात, पण त्या प्रोसेसरांत एव्हीएक्स२ नाही. त्यावर रेड हॅटच्याच घराण्यातलं रॉकी लिनक्स १० बसणार नाही. एन१०० मध्ये ते आहे. त्याच घराण्यातल्या अल्मालिनक्सनं मात्र दहाव्या आवृत्तीची व्ही२ साठी वेगळी बांधणीही दिली आहे, आणि मला त्यांची ही गोष्ट मनापासून आवडते, कारण यामुळे चालती मशीन भंगारात जात नाहीत. अर्थात बाहेरच्या रिपोंमधली पॅकेजेस त्या बांधणीसाठी मिळतीलच असं धरून चालू नका.

डेबियन या वेगळ्या घराण्यातल्या लिनक्सला यातलं काही लागत नाही. ६४ बिटी इंटेल किंवा एएमडी असला की पुरे. फक्त खरोखरचं ३२ बिटी मशीन असेल तर डेबियन १३ त्यावर नव्यानं बसवता येत नाही.

मग डिस्क बघा

एक कागद घ्या आणि लिहून काढा: किती डिस्क, त्यावर सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क एकत्र बांधण्याची पद्धत) आहे का, एलव्हीएम (डिस्कच्या जागेची लवचीक वाटणी) आहे का, फाइलसिस्टिम (फाइली मांडण्याची रचना) कोणती. एलएसबीएलके ही कमांड हे सगळं एका झाडासारखं दाखवते. तिचं उत्तर दुसऱ्या मशीनवर किंवा फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

एमडीअ‍ॅडम रेड, त्यावर एलव्हीएम आणि त्यावर एक्सएफएस किंवा एक्स्ट४ अशी मांडणी असेल तर तुम्ही सुखी आहात. रेडची माहिती डिस्कवरच लिहिलेली असते, त्यामुळे कोणतंही नवं लिनक्स ती वाचून रेड उभी करतं. डेटा हलवावा लागत नाही. फक्त एक तपासा. डिस्क सेंटओएस ६ च्या काळात एक्सएफएसनं फॉरमॅट केलेली असेल, तर तिची रचना जुन्या चौथ्या पिढीची असू शकते. एक्सएफएस इन्फो चालवून ‘सीआरसी’ शून्य दिसलं तर ती जुनी. ती पिढी कर्नलमधून सप्टेंबर २०३० मध्ये पूर्ण काढायचं जाहीर झालेलं आहे आणि त्याआधीच ती मुळात बंद ठेवण्याकडे कल आहे. नव्या रचनेत जाण्यासाठी जागेवर बदल करता येत नाही. डेटा बाहेर काढून डिस्क पुन्हा फॉरमॅट करावी लागते. सिस्टिम बदलताना बॅकअप घ्यायचाच असतो, तेव्हाच हे उरका.

बीटीआरएफएस ही फाइलसिस्टिम असेल तर सावध. सेंटओएस ७ मध्ये ती चालायची, पण रेड हॅटनं आठव्या आवृत्तीपासून ती कर्नलमधून काढली. रॉकी ८ किंवा ९ बसवलंत तर डिस्क दिसेल, आतला डेटा उघडणार नाही. अशा वेळी सरळ डेबियन किंवा उबुंटू घ्या.

आणि आधीच्या फ्रीनॅस या स्टोरेज सिस्टिमच्या काळातला झेडएफएस पूल (त्या फाइलसिस्टिमखाली एकत्र बांधलेल्या डिस्क) असेल, तर तो पूल नव्या लिनक्समध्ये सहसा इम्पोर्ट होतो, पण ‘जेली’ पद्धतीनं एन्क्रिप्ट केलेला असेल तर लिनक्स तो उघडू शकत नाही. इम्पोर्ट झाल्यावर ‘पूल अपग्रेड करा’ असा सल्ला स्क्रीनवर येतो. परतीचा रस्ता हवा असेल तोवर तो मानू नका.

कोणती सिस्टिम

फाइल शेअरिंग, फोटो, एखादं मीडिया सर्व्हर, दोन-चार कंटेनर (वेगळे बांधून चालवलेले प्रोग्राम) एवढंच काम असेल तर मी डेबियन १३ सुचवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली ही आवृत्ती पूर्ण आधारासह ऑगस्ट २०२८ पर्यंत आणि दीर्घकालीन आधारासह जून २०३० पर्यंत चालेल. सातवरून आठ किंवा नऊवर जागच्या जागी जाण्याची सोय सेंटओएसनं कधी नीट दिली नाही. डेबियनमध्ये एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाणं ही नेहमीची, लेखी सूचनांसह केली जाणारी गोष्ट आहे. शिवाय तिच्यामागे कंपनी नाही. २०२० सारखा निर्णय एका बैठकीत होण्याची शक्यता तिथं कमी, आणि घरच्या सर्व्हरसाठी मला हे फार मोलाचं वाटतं.

तुमच्याकडे असं एखादं सॉफ्टवेअर असेल जे रेड हॅट घराण्यावरच चालतं, किंवा तुम्ही कामावर तीच सिस्टिम वापरता आणि हात त्याच कमांडना सरावलेत, तर अल्मालिनक्स किंवा रॉकी. दोन्ही २०२१ मध्ये, सेंटओएस ८ च्या धक्क्यानंतर उभ्या राहिल्या. रॉकी सुरू करणारे ग्रेगरी कर्टझर हे सेंटओएसच्याही संस्थापकांपैकी, आणि नाव त्यांच्या दिवंगत सहकाऱ्याचं, रॉकी मॅकगॉ यांचं. २०२३ मध्ये रेड हॅटनं सोर्स देण्याची पद्धत बदलल्यावर अल्मानं तंतोतंत प्रत हा हट्ट सोडला आणि ‘रेड हॅटवर चालणारं आमच्यावरही चालेल’ एवढी हमी ठेवली. घरी या फरकाचा त्रास होत नाही. दोन्हींच्या नवव्या आवृत्त्यांचा आधार २०३२ पर्यंत आहे, आणि जुन्या प्रोसेसरसाठी आठवी २०२९ पर्यंत.

उबुंटू सर्व्हर २४.०४ चा नेहमीचा आधार २०२९ पर्यंत. उबुंटू प्रो वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत मोफत मिळतं आणि त्यात आणखी पाच वर्षं वाढतात. उबुंटूची स्नॅप पद्धतीची पॅकेजेस आवडत नसतील तरच टाळा.

डेटा साठवण्यासाठीचं ट्रूनॅस आणि प्रॉक्समॉक्स यांची नावं नेहमी येतात. ट्रूनॅसला सिस्टिमसाठी वेगळी डिस्क लागते, किमान ८ जीबी रॅम लागते आणि डेटासाठी त्याला झेडएफएसच हवं. म्हणजे तुमची एक्सएफएसवरची रेड तिथं जशीच्या तशी चालणार नाही, सगळा डेटा बाहेर काढून परत आणावा लागेल. नव्या डिस्क घेणारच असाल तर ते उत्तम आहे. चालू डिस्कवर राहायचं असेल तर नको. प्रॉक्समॉक्स व्हर्च्युअल मशीनसाठी, तेही डेबियनवरच उभं आहे.

जागच्या जागी अपग्रेड हवंच असेल तर अल्माचा ‘एलिव्हेट’ प्रकल्प सातवरून आठवर आणि आठवरून नऊवर नेतो. तो आधी तपासणी करून अडचणींचा अहवाल देतो. दोन नेटवर्क कार्डांची नावं ईटीएच० आणि ईटीएच१ अशी जुन्या पद्धतीची असतील किंवा एखाद्या जुन्या कार्डाचा ड्रायव्हर पुढच्या आवृत्तीत नसेल, तर तो पुढे जाऊच देत नाही. हा अहवाल अल्मावर जायचं नसेल तरी चालवून बघावा, बरंच कळतं. पण घरच्या मशीनसाठी मी नव्या छोट्या एसएसडीवर कोरी सिस्टिम बसवणंच पसंत करतो. जुनी बूट डिस्क तशीच काढून ठेवता येते आणि काही अडलं तर केबल बदलून संध्याकाळपर्यंत सर्व्हर पूर्ववत होतो.

जुनी सिस्टिम चालू आहे तोवरच

काही कामं नंतर करताच येत नाहीत. डेटाबेस त्यात पहिली. सेंटओएस ७ मध्ये पोस्टग्रेस ९.२ आणि मारियाडीबी ५.५ आहे. पोस्टग्रेसचं डेटाचं फोल्डर उचलून नव्या आवृत्तीसमोर ठेवलं तर ती सुरूच होत नाही. जुन्या चालत्या सर्व्हरवरूनच डंप, म्हणजे सगळ्या डेटाची मजकूर स्वरूपातली प्रत, घ्यावा लागतो.

मारियाडीबीत मराठी मजकूर असेल तर डंप घेतल्यावर तो टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून डोळ्यांनी बघा. ५.५ मध्ये मुळातलं कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवण्याची संकेतपद्धत) लॅटिन१ असायचं. जुन्या प्रोग्रामांनी त्या कॉलमांत देवनागरीचे बाइट तसेच भरलेले असतात, म्हणून स्क्रीनवर सगळं ठीक दिसत राहतं. डंपमध्ये मात्र ग्राहकांच्या नावांच्या जागी टोप्या-टिंबवाली रोमन अक्षरं येतात. तसं दिसलं तर डंप पुन्हा घ्या आणि या वेळी कॅरेक्टर सेट लॅटिन१ असल्याचं कमांडमध्येच सांगा. आता मराठी नीट वाचता येईल. मग डंपमध्ये वर ‘सेट नेम्स’ आणि प्रत्येक टेबलच्या व्याख्येत लॅटिन१ च्या जागी यूटीएफ८एमबी४ करून नव्या सर्व्हरवर भरा. मूळ डंपची प्रत शाबूत ठेवूनच हा बदल करा.

सेटिंग्जचं ईटीसी फोल्डर पूर्ण उचलून ठेवा: सांबाच्या (फाइल शेअरिंगच्या) व्याख्या, क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं, युजर आणि ग्रुपची यादी. डिस्कवर फाइलचा मालक नावानं नव्हे, आकड्यानं नोंदलेला असतो. सेंटओएस ६ पासून चालत आलेल्या मशीनवर युजरचे आकडे ५०० पासून असतात, डेबियनमध्ये १००० पासून. वेब सर्व्हरचा युजर सेंटओएसमध्ये ४८, डेबियनमध्ये ३३. नव्या सिस्टिममध्ये युजर तयार करताना जुनाच आकडा दिला की अर्धे ‘परवानगी नाही’ तिथंच मिटतात.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातली काही फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. मग इन्स्टॉल करताना डेटाच्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. इन्स्टॉलरला जी डिस्क दिसत नाही, ती तो पुसू शकत नाही.

बसवल्यावर येणाऱ्या तक्रारी

केबल परत जोडल्या आणि रेड ‘एमडी०’ ऐवजी ‘एमडी१२७’ नावानं आली, तर घाबरू नका. रेड ठीक आहे, नव्या सिस्टिमला तिची ओळख नाही. एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फिगमध्ये तिची नोंद करा, डेबियनमध्ये इनिटरॅमएफएस (सुरू होताना आधी लोड होणारी छोटी प्रतिमा) नव्यानं बनवा, आणि एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरुवातीला जोडायच्या डिस्कच्या यादीत, नावाऐवजी यूयूआयडी हा कायमचा ओळख-क्रमांक वापरा. त्याच ओळीत ‘नोफेल’ घातलं तर एखादी डिस्क न दिसल्यास सर्व्हर आपत्कालीन मोडमध्ये अडकून बसत नाही. मॉनिटर नसलेल्या मशीनसाठी हे फार महत्त्वाचं.

अल्मा किंवा रॉकी ९ वर याहून धडकी भरवणारा प्रकार होतो: एलव्हीएमच्या कमांड म्हणतात, तुमचा व्हॉल्यूम ग्रुप नाहीच. डेटा गेला असं वाटून लोक नवा ग्रुप तयार करायला जातात, आणि नुकसान तिथं होतं. नवव्या आवृत्तीपासून एलव्हीएम स्वतःच्या यादीतल्याच डिस्क बघतं. इन्स्टॉलच्या वेळी केबल काढलेल्या होत्या, म्हणून तुमच्या डिस्क त्या यादीत नाहीत. व्हीजीइम्पोर्टडिव्हायसेस ही कमांड सगळ्या डिस्कसाठी चालवली की ग्रुप समोर येतो.

त्याच घराण्यात सांबाचं फोल्डर दिसतं पण उघडत नाही, तेव्हा कारण बहुधा एसईलिनक्स हे सुरक्षेचं कवच असतं. ते बंद करू नका. सांबाला सगळी शेअर वाचू-लिहू देणारं एक बुलियन (चालू-बंद करायची सेटिंग) आहे ते चालू करा, किंवा त्या फोल्डरला सांबाचं लेबल द्या.

जुना टीव्ही किंवा मीडिया प्लेअर सर्व्हर शोधत राहतो, कारण सांबानं ४.११ पासून एसएमबी१ हे शेअरिंगचं जुनं रूप मुळात बंद ठेवलं आहे. एका टीव्हीसाठी सगळ्या घराचं दार उघडू नका. व्हिडिओ-फोटो पुरवणारं मिनीडीएलएनए बसवा, टीव्हीला तेवढं पुरतं. तसंच जुन्या फोनवरचं बॅकअप अ‍ॅप एसएसएचनं जोडेनासं झालं तर ते बहुधा शा-१ ही सहीची जुनी पद्धत वापरतंय. ईडी२५५१९ प्रकारची नवी किल्ली तयार करून द्या, तीही घेता येत नसेल तर अ‍ॅप बदला.

मराठी फाइलनावांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण हे इतरत्र वाचायला मिळत नाही. किमान इन्स्टॉलनंतर टर्मिनलमध्ये नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर लोकेल (भाषा-अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ चं करा, फाइली सुखरूप आहेत. पण जुन्या मॅकवरून आलेल्या फाइली असतील तर ‘वऱ्हाड सहल’ नावाचं फोल्डर दोनदा दिसू शकतं, दिसायला अगदी सारखं. आपला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. मॅकची जुनी फाइलसिस्टिम नाव फोडून दुसऱ्या प्रकारे ठेवायची. लिनक्सला ही दोन वेगळी नावं वाटतात. मॅकवरून फाइली आणताना तिथल्या आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाच्या आयकॉन्व्ह पर्यायानं हे जुळवता येतं. आधीच दुप्पट झालं असेल तर दोन्ही फोल्डरांतल्या फाइलींची संख्या आणि तारखा ताडून मगच एक काढा, कारण दोन्हींत वेगवेगळे फोटो असू शकतात.

शेवटी यूपीएस. आपल्याकडे वीज जाते, आणि रेड चालू असताना अचानक गेलेली वीज नवी सिस्टिमही सोसत नाही. यूपीएसवर नजर ठेवणारं नट हे पॅकेज डेबियनच्या रिपोत आहे, अल्मा आणि रॉकीसाठी ईपीईएल या जादा रिपोत. यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर बॅटरी खाली गेल्यावर नट सर्व्हर नीट बंद करतं. साध्या इन्व्हर्टरवर ही सोय नसते. नट लावल्यावर एकदा खरोखर भिंतीवरचा प्लग काढून बघा आणि सर्व्हर बंद होऊन वीज आल्यावर रेडसह पुन्हा उभा राहतो याची खात्री करा. त्यानंतरच जुन्या बूट डिस्कवरचं सेंटओएस पुसायला हरकत नाही.